देव खरंच सौम्य आहे का? नेहमी येणारे प्रश्न

नागपूरच्या सदरमधल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. दहा-बारा माणसं, दोन खडखडणारे पंखे, शेवटी चहा आणि टोस्ट. अभ्यास चालू असताना कोणी फारसं विचारत नाही. खरे प्रश्न चहाचा कप हातात आल्यावर निघतात, नाहीतर रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर येतात, "सर, जागे आहात का?" असे. त्यातले बहुतेक फिरून फिरून एकाच जागी येतात: देव मायाळू आहे म्हणता, ते कशावरून?

मी पाळक, म्हणजे पाद्री, नाही. शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर आहे, त्यामुळे शब्दांवर जरा जास्त रेंगाळतो, चालवून घ्या. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे. कुठूनही वाचायला सुरुवात करा. एका उत्तरातलं दुसऱ्यात पुन्हा लिहायचं टाळून तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. देव सौम्य आहे म्हणजे नेमकं काय? तो कधी रागावतच नाही का?

रागावतो. बायबल ते लपवत नाही. पण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात देव इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला स्वतःची ओळख सांगतो, तेव्हा सुरुवात दयाळू, कृपाळू या शब्दांनी होते आणि पाठोपाठ येतो 'मंदक्रोध'. मराठी बायबलमधला हा माझा सर्वांत आवडता शब्द. मूळ हिब्रूत तो शब्दशः 'लांब नाकाचा' असा आहे, कारण हिब्रू माणसाचा राग नाकात राहतो. मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही; आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. नाकच लांब म्हटल्यावर शेंड्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागणार, एवढं ध्यानात ठेवा.

हे कधी सांगितलं, तेही पाहा. दोनच अध्याय आधी लोकांनी सोन्याचं वासरू करून त्यापुढे नाच केला होता आणि मोशेनं देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या होत्या. नव्या पाट्या घेऊन तो पुन्हा डोंगर चढला, तेव्हाची ही ओळख आहे. सगळं सुरळीत चाललेलं असताना कोणीही गोड बोलतो.

दुसरं चित्र यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ४२व्या अध्यायातलं: चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही. बोरू म्हणजे लिहायची वेताची काडी. ती स्वस्त असते. चेपली की कोणी दुरुस्त करत बसत नाही, मोडून फेकतं आणि दुसरी घेतं. वातीचंही तसंच. तेल संपत आलं की ती उजेड कमी देते आणि धूर जास्त, डोळे चुरचुरतात. सहज हात जातो तो चिमटीत धरून विझवायला. माझ्या आजीच्या घरी रोज रात्री हेच व्हायचं. फेकण्याजोगं आणि विझवण्याजोगं जे, त्याला हा देव कसा हात लावतो, यावरून त्याची सौम्यता मोजायची.

२. बायबल कधी वाचलं नाही. हे समजून घ्यायला कुठून सुरुवात करू?

मत्तयकृत शुभवर्तमानाचे (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतलं पहिलं) ५, ६ आणि ७ हे तीन अध्याय घ्या, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका परदेशी मिशनऱ्यानं त्यांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दिला. पुढे वाचता वाचता ते याच प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलता येईना. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुम्हीही त्यांच्यासारखंच करावं असं मी म्हणत नाही. कवी माणूस कुठे थांबला, एवढंच सांगतो.

त्यानंतर लूकचा १५वा अध्याय, स्तोत्र १०३ आणि योनाचं चार अध्यायांचं पुस्तक. योना एका बैठकीत वाचून होतो आणि हसूही येतं. प्रकटीकरणाला एवढ्यात हात लावू नका.

३. येशू 'विसावा देईन' म्हणतो आणि लगेच 'जू घ्या' म्हणतो. जू घेतल्यावर विसावा कसला?

हा प्रश्न काटोलकडच्या एका शेतकऱ्यानं विचारला होता. त्याचं उत्तरही त्यालाच माझ्याहून बरं ठाऊक होतं.

मत्तय ११ मधली ती वाक्यं अशी: कष्टी व भाराक्रांत लोकांनो माझ्याकडे या, मी मनाचा सौम्य व लीन आहे, माझं जू घ्या, माझं जू सोयीचं आहे. येशूनं स्वतःच्या स्वभावाचं थेट वर्णन केलेलं हे शुभवर्तमानांतलं जवळजवळ एकमेव ठिकाण. आणि तिथे 'सोयीचं' या शब्दात बसणारं, न रुतणारं, असा अर्थ आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावून, हातानं चोळून, आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." ज्या खांद्यावर वर्षभर जू होतं तो खांदा धन्यानं जवळून पाहिलेला असतो, कुठे सोलवटलंय, कुठे गाठ आलीय, हे त्याला माहीत असतं. काम चुकणार नाही, पण खांदा कापणारं जू तुझ्या मानेवर ठेवणार नाही, असं येशू म्हणतो. त्या काळी धर्मशिक्षकांनी नियमांचं जे ओझं लादलं होतं, त्याच्याशी तो आपल्या जुवाची तुलना करतोय.

४. जुन्या करारातला देव रागीट आणि नव्या करारातला प्रेमळ. हे दोन वेगळे देव वाटतात.

तुम्हीच पहिले नाही. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या गृहस्थानं हेच मांडलं. दोन देव आहेत म्हणाला आणि जुना करार बाजूला काढला. रोमच्या मंडळीनं त्याचं म्हणणं नाकारलं.

नाकारायला सबळ कारण होतं. 'आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही' हा आशय जुन्या करारातला, यशया ४९ चा. होशेय ११ मध्ये देव एफ्राइमला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, हात धरून चालायला शिकवतो, तेही जुन्यातच. उलट नरकाबद्दलचे सर्वांत कडक शब्द नव्या करारात आहेत आणि ते येशूच्याच तोंडी आहेत (प्रश्न १५ पाहा).

आणि योना. हा संदेष्टा निनवेला जायचं टाळून पळतो, आणि त्याचं कारण चौथ्या अध्यायात स्वतःच सांगतो: तू मंदक्रोध आहेस, मला ठाऊकच होतं तू यांना माफ करशील! देव रागीट आहे अशी त्याची तक्रारच नाही. तो पुरेसा रागावत नाही, याचा याला राग. शेवटी देव विचारतो की उजवं-डावं न कळणारी १,२०,००० पेक्षा जास्त माणसं या शहरात आहेत, त्यांची कीव करू नको का? आणि पुस्तकाचे शेवटचे शब्द आहेत गुराढोरांबद्दल. शत्रूच्या राजधानीतल्या जनावरांचीही काळजी करणारा हा देव जुन्या करारातला आहे.

५. ठीक आहे, पण इस्राएलानं जिंकलेल्या कनान देशातल्या लोकांची कत्तल? 'कोणालाही जिवंत ठेवू नका' ही आज्ञा सौम्य देवाची कशी?

इथे मला घाई करायची नाही. एका मुलीनं हे विचारलं तेव्हा एका वडीलधाऱ्यानं "असं विचारू नये" म्हणून तिला गप्प केलं. ती पुन्हा आली नाही, याची खंत मला आजही आहे. अब्राहामानं सदोम हे शहर वाचावं म्हणून देवाशी घासाघीस केली होती, पन्नास नीतिमान माणसांपासून दहापर्यंत. तेव्हा देवानं त्याला गप्प केलं नाही.

ख्रिस्ती वाचक या उताऱ्यांकडे तीन-चार तऱ्हांनी पाहतात. काही म्हणतात, हा न्याय होता आणि तोही चार पिढ्या थांबून केलेला. उत्पत्ती १५ मध्ये तसा उल्लेख आहे. काही दाखवतात की जुन्या काळच्या युद्धकथांची भाषाच अशी फुगवलेली असे. यहोशवाचं पुस्तक 'कोणी उरलं नाही' म्हणतं आणि पुढचंच शास्ते हे पुस्तक त्याच लोकांना त्याच गावांत नांदताना दाखवतं. तिसरे म्हणतात, इस्राएलाला देव हळूहळू कळत गेला. संपूर्ण चित्र ख्रिस्तात दिसलं, म्हणून मागचं सारं त्याच्या उजेडात वाचायचं.

मी स्वतः दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी उभा आहे, आणि तिथेही पाय भाजतात. एक गोष्ट मात्र मला धरून ठेवते. यरीहोतली राहाब कनानी होती, वेश्या होती. ती वाचली, आणि मत्तयच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे. ज्यांना संपवायचं म्हटलं, त्यांच्यातलीच एक बाई तारणाऱ्याची पूर्वज. आणि हे उतारे दाखवून आज कोणावर हात उचलायचा अधिकार कुणालाही नाही, एवढं मी ठणकावून सांगतो.

जलप्रलयाबद्दलही विचारतात. तिथे एवढंच पाहा की उत्पत्ती ६ मध्ये मजकूर देवाच्या मनाला झालेल्या दुःखानं सुरू होतो.

६. येशूनं तर मंदिरात आसूड उगारला, मेजं उलथली. हे सौम्य?

योहान २ नीट वाचा. मेंढरं-गुरं त्यानं हाकलली, सराफांची नाणी सांडली. पण कबुतरं विकणाऱ्यांपाशी आल्यावर तो म्हणाला, "ही इथून घेऊन जा." पिंजरे उलथले असते तर पाखरांना इजा झाली असती. इतक्या संतापातही त्याला हे सुचलं, असं मला दिसतं. हा माझा तर्क आहे, मजकुरात कारण दिलेलं नाही. कबुतरं हे गरिबांचं अर्पण होतं. त्याच्या आईनंही त्याच्या जन्मानंतर तेवढंच वाहिलं होतं.

आणि मत्तय २१ मध्ये हा प्रसंग संपताच त्याच मंदिरात आंधळे-लंगडे त्याच्याकडे येतात, पोरं ओरडत असतात. ज्याच्या रागाला खरंच भ्यावं, त्याच्याजवळ लंगडा माणूस पुढे सरकत जाईल का?

७. देवाला 'बाप' म्हणताना माझ्या पोटात गोळा येतो. माझे वडील दारू पिऊन आईला मारायचे.

मग काही दिवस म्हणू नका. देव रुसणार नाही.

हा निरोप मला एका ताईनं पाठवला होता. तिला वाटत होतं की आपल्या विश्वासातच खोट आहे. तसं नाही. शब्द ज्या घरात शिकलो त्या घराचा वास त्याला लागतोच. बायबलनं देवासाठी एकच चित्र ठेवलेलं नाही. यशया ६६ मध्ये आई सांत्वन करते तसा तो सांत्वन करतो. यशया ४० मध्ये तो कोकरं उराशी घेतो आणि पाजत्या मेंढ्यांना सावकाश नेतो. कळपाची चाल त्यानं सगळ्यांत हळू चालणारीवरून ठरवली आहे, हे ध्यानात घ्या. येशू यरुशलेमकडे पाहून म्हणतो, कोंबडी पिलं पंखांखाली घेते तसं तुम्हांला घ्यावं असं कितीदा मला वाटलं. टिळकांनीही ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली.

पुढे कधी जमलं तर लूक १५ मधला बाप पाहा. घर सोडून गेलेला मुलगा दूर दिसताच हा म्हातारा धावत सुटतो. त्या काळात घरच्या कर्त्या पुरुषानं झगा सावरत गावासमोर धावणं म्हणजे शोभाच. मुलाचं माफीचं पाठ केलेलं भाषण तो पुरं होऊ देत नाही. येशू ज्याला 'बाप' म्हणत होता तो हा. तुमच्या वडिलांवरून देव ओळखायचा नाही. या बापावरून वडिलांनी कसं असायला हवं होतं ते ओळखायचं.

८. प्रार्थनेत देवाला 'तू' म्हणावं की 'तुम्ही'?

'तू'. मराठीत देव आणि आई यांना 'तू' म्हणतात, आणि प्रभूच्या प्रार्थनेतही 'तुझे नाव'च आहे. येशू 'अब्बा' म्हणायचा. तो घरातला अरामी शब्द, लहान आणि मोठी मुलं दोघंही वापरत. 'तुम्ही' म्हटलं तरी ऐकलं जातं.

९. आमच्या घरी वारी आहे. विठूमाउली आणि तुमच्या देवाचं प्रेम यात फरक काय?

सारखेपण आधी. देव माउली, भक्त लेकरू, देव भक्तासाठी ताटकळतो, ही भाषा मराठी ख्रिस्ती माणसानं वारकऱ्यांकडूनच आईच्या दुधासोबत घेतली. आमच्या भजनांच्या चाली ऐका, कळेल.

फरक क्रुसापाशी आहे. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देवाचं प्रेम इतिहासात एका ठरावीक दिवशी, एका रोमी सुभेदाराच्या हुकुमानं खिळ्यांनी ठोकलं गेलं, आणि ठोकणाऱ्यांसाठी त्यानं क्षमा मागितली. सौम्यता मार खाऊनही सौम्यच राहते का, याची परीक्षा तिथे झाली असं आम्ही मानतो. कोण मोठं, या वादात मला रस नाही.

१०. मग 'देवाचं भय' कशाला सांगतात? भय आणि प्रेम एकत्र कसं?

नीतिसूत्रं म्हणतात देवाचं भय ज्ञानाचा आरंभ, आणि योहानाचं पहिलं पत्र म्हणतं पूर्ण प्रीती भीती घालवते. दोन्ही खरं. मराठीत आपण 'आदरयुक्त धाक' म्हणतो ना, पहिलं तेच. दुसरी भीती माराची. पहिलीनं माणूस जवळ येतो, दुसरीनं लपतो.

११. माझी आई एवढी देवभिरू होती. कॅन्सरनं काहून नेलं तिला? हेच का तुमच्या देवाचं प्रेम?

काहून, ते मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे असं सांगणारा भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. बायबलमधला ईयोब निर्दोष असून सगळं गमावून बसला; त्याच्या मित्रांना सगळं माहीत होतं. ईयोब देवाशी भांडला, मित्रांनी देवाची बाजू घेतली. आणि शेवटी देव म्हणाला की ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही.

दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगतो. पहिली, हे पापाचं फळ नव्हे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूनं विचारलं, ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते? आणि उत्तर दिलं, नाही. जन्मांध माणसाबद्दलही शिष्यांनी "पाप कोणाचं?" विचारलं तेव्हा त्यानं ना त्याचं म्हटलं, ना आईबापांचं.

दुसरी, मित्र लाजर याच्या कबरीपाशी 'येशू रडला'. मराठीत दोनच शब्द. पाच मिनिटांत तो लाजराला उठवणार होता आणि त्याला ते ठाऊक होतं, तरी लाजराची बहीण मरिया हिला रडताना पाहून तो रडला. दुःखाला 'अरे, पुढे सगळं ठीक होणार' म्हणून त्यानं ढकललं नाही. मंडळीत अंत्यविधीला आलेले लोक हे पहिल्या तासातच म्हणतात. म्हणू नये. शेजारी बसावं, पाणी द्यावं.

१२. देव शिक्षा करत नाही म्हणता, पण इब्री लोकांस पत्रात तर शिक्षा, शिस्त असं लिहिलंय.

आजाराबद्दलचं वरच्या उत्तरात आलं. शिस्तीबद्दल: हो, इब्री १२ मध्ये आहे, आणि ती दुखते असंही तिथेच लिहिलंय. फरक हाताचा असतो. माझ्या पायाला जखम झाली होती तेव्हा दोन सिस्टर आळीपाळीनं ड्रेसिंग करायच्या. एक चिकटलेली पट्टी झर्रकन ओढायची. दुसरी आधी सलाइननं कापूस भिजवायची, थांबायची, कडा सुटली की थोडी उचलायची, पुन्हा भिजवायची. पट्टी दोघीही काढायच्याच. दुसरीच्या वेळी मी पाय आखडून घेतला नाही, म्हणून जखमही तिलाच नीट साफ करता यायची. रोमकरांस पत्राच्या २:४ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेते. धाक नेतो, असं तो म्हणू शकला असता.

१३. मी तीच चूक पुन्हा पुन्हा करतो. देव कंटाळत नसेल?

येशूचा शिष्य पेत्र याचं पाहा. महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेत त्यानं तीनदा येशूला नाकारलं. योहान २१ मध्ये मरणातून उठलेला येशू तलावाकाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून बसलेला दिसतो, वर मासे भाजतायत. पेत्राला तो वास कुठला, ते कळलंच असणार. आधी येशू म्हणतो, "या, न्याहारी करा." पोट भरल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा बोलायची संधी. जुनी गोष्ट त्यानं टाळली नाही आणि उगाळलीही नाही. प्रत्येक वेळी वर काम सोपवलं: माझी मेंढरं राख.

चूक दारू, जुगार किंवा मोबाइलवरचा सट्टा अशा जातीची असेल तर प्रार्थनेसोबत उपचार घ्या. दोन्ही देवाचीच वाट आहे.

१४. दोन वर्षांपासून प्रार्थना करून राहिलो, काहीच जाणवत नाही. कधी कधी जगूच नये वाटतं.

दुसरं वाक्य आधी घेतो. तसं वाटत असेल तर आजच, आत्ताच जवळच्या माणसाला सांगा. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नव्हे.

एलीया या संदेष्ट्यानंही हेच म्हटलं होतं. १ राजे १९. काल स्वर्गातून अग्नी उतरवणारा माणूस आज रानात रतामाच्या झुडपाखाली बसून "पुरे झालं, माझा प्राण घे" म्हणतो. मेअखेरीस नवतप्यात भर दुपारी आपल्याकडे रस्त्यानं चालला असाल, तर ती झुडपाची टीचभर सावली तुम्हांला कळेल. देवदूत येतो. उपदेश करत नाही. हात लावून उठवतो: ऊठ, खा. उशाशी विस्तवावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला देतो, कारण प्रवास झेपणार नाही. प्रश्न विचारणं पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर. तिथे वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो. देव त्यांत नसतो. मग येते ती शांत, मंद वाणी.

तेव्हा काही जाणवत नसेल तर आधी पाहा: जेवता का, झोपता का? शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय.

ज्यांच्या घरी कोणी आत्महत्या केली आहे तेही विचारतात, त्याचं पुढे काय? विदर्भात असं घर शोधावं लागत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगतं की अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मीही तेच म्हणेन. चेपलेल्या बोरूचं वाक्य (प्रश्न १) अशा माणसासाठी नसेल तर कोणासाठी?

१५. एवढा सौम्य देव नरकात कसा टाकेल?

यावर मंडळ्यांत एकमत नाही. बहुतेक पंथ देवाला कायमचं नाकारण्याची शक्यता खरी मानतात, तिचं स्वरूप कसं यावर वाद आहे. यहेज्केल ३३ मध्ये देव शपथेवर सांगतो की दुष्टाच्या मरणात मला आनंद नाही. मला लूक १५ मधला (प्रश्न ७) थोरला मुलगा आठवतो. आत परतलेल्या धाकट्या भावासाठी मेजवानी चाललीय, गाणं ऐकू येतंय आणि हा फुगून अंगणात उभा. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवतो. दार उघडं आहे. तो आत गेला की नाही, येशूनं सांगितलंच नाही.

१६. नवरा मारतो. मंडळीतल्या बाया म्हणतात, ख्रिस्तासारखं सोस, सौम्य राहा.

नाही. हे उत्तर मी दुसऱ्या कुठल्याही वळणानं सुरू करणार नाही.

ख्रिस्तानं क्रूस स्वतःहून उचलला. तुमच्यावर मार लादला जातोय. शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा त्यानंही विचारलं, मला का मारतोस? लोक धोंडे उचलू लागले तेव्हा तो निघून गेला. दिमिष्क शहरात जिवावर बेतलं तेव्हा पौल टोपलीत बसून तटावरून उतरला. निसटणं पाप असतं तर हे लिहिलं गेलं नसतं. इफिस ५ मध्ये नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीवर केली तशी बायकोवर प्रीती कर. ते वाक्य सोडून फक्त वरचं 'अधीन राहा' वाचणारा अर्धंच वाचतो.

१८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तातडीचा ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. क्षमा वेगळी, त्याच छताखाली परत जाणं वेगळं. आणि मिणमिणती वात जपणाऱ्या (प्रश्न १) देवाचं नाव घेऊन ती चिमटीत धरणाऱ्यांनी आपली बोटं तपासावीत.

१७. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल... सगळे हेच मानतात का?

देव प्रीती आहे, हे सगळे. बाकी वाद पुष्कळ. पण याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगळ्या परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, म्हणजे वाद असूनही एका मेजावर बसता येतं.

१८. मी बौद्ध आहे, देव मानत नाही. मग हे माझ्यासाठी नाहीच का?

दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न येणारच. मैत्री आणि करुणा तुम्ही आमच्याआधी आणि आमच्याइतक्याच गांभीर्यानं शिकवता. फरक एवढा की आम्ही करुणेमागे कोणीतरी आहे असं मानतो, जो आपल्याला नावानं ओळखतो. येशू मात्र म्हणाला की देव आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो. नागपूरच्या सूर्याबद्दल ही शुभवार्ताच आहे का, असं एका मित्रानं विचारलं होतं. मी म्हणालो, पुढे पाऊसही लिहिलाय.

१९. मुलांना हे कसं शिकवायचं? 'देव बघतोय हं, मारेल' म्हटल्याशिवाय ऐकतच नाहीत.

ते वाक्य आजपासून बंद करा. तुमच्या धाकाचं काम देवाच्या माथी मारू नका. पुढे वीस वर्षांनी ते मूल प्रश्न ७ घेऊन माझ्याकडे येतं.

गोष्टी सांगा, पण बारीकसारीक तपशिलासकट. याइराच्या बारा वर्षांच्या मुलीला येशूनं हात धरून उठवलं, 'तलीथा कूम', मुली ऊठ. सगळे थक्क. आणि मार्क लिहितो की मग तो म्हणाला, हिला काही खायला द्या. शब्बाथ शाळेत हे सांगितलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "काय दिलं मग?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही, तुला काय वाटतं? तिनं बराच विचार केला. "वरणभात," म्हणाली, "पण थंड करून."